फाल्गुन पौर्णिमेपर्यंत तीस नंबर

बुधवार, १ जानेवारी १९७५, केनवड

ऑइल कंपनीच्या एजंटाने ही डायरी फुकट दिली. पहिल्या पानावर मालकाचं नाव लिहायला जागा आहे. तिथे 'शिखरचंद जैन, इंजिन ऑइल व सामान, केनवड' असं झोकात लिहून टाकलं. आता नाव घातलंच आहे तर आत काहीतरी असावं, म्हणून बसलो आहे.

आमच्या घरात चार पिढ्या कापड विकतात. मोठे भाऊ सुगनचंद, म्हणजे आमचे भाईसाहेब, रिसोडला गादीवर बसतात. मीही सहा वर्षं तिथेच मीटर धरून उभा होतो. पण एकदा मळ्यातलं डिझेल इंजिन उघडलेलं पाहिलं आणि कापडातून माझं मन उडालं. एवढं लोखंड दिवसभर लोखंडावर फिरतं आणि तरी झिजत नाही, कारण मधे ऑइलचा एक पापुद्रा असतो. कापडाच्या ठाणात असं नवल मला कधी सापडलं नाही.

भाईसाहेबांनी दिवाळीला कुरकुर करत दुकान घालून दिलं, पण अट घातली. पाडव्यापर्यंत इथली माणसं माझ्या शब्दावर माल नेऊ लागली पाहिजेत. नाहीतर दुकान बंद आणि मी परत रिसोडला. पाडवा बारा एप्रिलला आहे. मला परत जायचं नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

गुरुवार, ९ जानेवारी

थंडी फार. गुलाबरावांच्या मळ्यात सकाळी तिघेजण हँडल मारून दमले, इंजिन हलेना. गुलाबराव म्हणजे गावाला लागून भाजी करणारे मोठे बागाईतदार, आणि तोंडाने फटकळ. त्यांचा निरोप आला तसा मी नथ्थू मिस्त्रीला घेऊन गेलो.

नथ्थूला अक्षर येत नाही. पण त्याने ऑइल पाहायची पट्टी बाहेर काढली, थेंब कसा सुटतो ते पाहिलं आणि म्हणाला, "चाळीस नंबर घातलं कोनं?" गुलाबरावांनीच घातलं होतं. तीसपेक्षा चाळीस मोठं, म्हणजे माल भारी, असा त्यांचा हिशोब. नंबर हा जाडपणाचा असतो, थंडीत जाड ऑइल गोठल्यासारखं होतं, हे मी त्यांना समजावलं. नथ्थूने ते काढून तीस नंबर घातलं. दुसऱ्या हँडलला इंजिन सुरू झालं आणि गुलाबरावांनी मला चहा विचारला. कंपनीच्या तक्त्यात हे सगळं छापलेलं आहे, पण नथ्थूने तो तक्ता कधी पाहिलेला नाही. या माणसाच्या बोटांत काय आहे कोण जाणे.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज मला एक कल्पना सुचली आणि ती चांगली आहे, हे मीच म्हणतो.

तक्त्यात ऑइलचा नंबर हवेच्या डिग्रीवर दिला आहे. मळ्यात डिग्री कोण मोजणार? जेवताना पत्नी अंगुरीबाईने जुनं पीठ बाजूला काढलं आणि माझं डोकं चाललं. आमच्या घरी दळलेल्या पिठाला मर्यादा असते. हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. त्यापुढचं पीठ खायचं नाही. आणि हिवाळा कधी संपला हे हवेवर ठरत नाही, फाल्गुन पौर्णिमेला ठरतं. म्हणजे होळीच्या पौर्णिमेला. पिढ्यानपिढ्या चालत आलेला, कोणालाही कळेल असा हिशोब. तोच ऑइलला लावला तर? फाल्गुन पौर्णिमेपर्यंत तीस, तिथून पुढे चाळीस.

आज बाजार होता म्हणून दुकानासमोर लगेच पाचसात जणांना सांगितलं. सगळ्यांना पटलं. त्यांत हौसाबाई होत्या. नवरा गेल्यापासून मळा त्याच पाहतात, आणि स्वतः हँडल मारून इंजिन सुरू करणारी बाई या भागात दुसरी नसावी. त्यांनी एकच विचारलं, "शेट, हा तुमच्या धरमाचा नेम हाये काय?" मी म्हटलं, हो, आमच्या घरात हा कधी मोडला गेला नाही. लोकांनी माना डोलावल्या. माझी छाती थोडी फुगली, खोटं कशाला लिहू.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

तेरा इंजिनं माझ्या शब्दावर चालतात. मोजली. कोणी ऑइल मागताना नंबर सांगत नाही, "शेट, नेमाचं द्या" म्हणतात. भाईसाहेबांना पत्र टाकलं.

सोमवार, ३ मार्च

दुपारी ऊन चटकू लागलं आहे. दुकान दगडी आहे, आत गार असतं, म्हणून मला एवढं जाणवत नाही.

हौसाबाई काकडी विकून परतताना आल्या. चपला नव्हत्या. पायरीवर एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत उभ्या राहिल्या. डब्याला लागलेला ऑइलचा थेंब बोटावर घेऊन चोळला आणि विचारलं, चाळीस नंबर मिळेल का. मी पंचांग दाखवलं. मागच्या वर्षी अधिक महिना आला होता, त्यामुळे होळी यंदा मार्च सरता सरता आहे. तोवर तीसच. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. नेम हाये तुमचा." आणि गेल्या. घासाघीस नाही, हट्ट नाही. अशी गिऱ्हाइकं लाभणं हेही नशीब लागतं.

शनिवार, ८ मार्च

आज घरी थोडी बोलाचाली. सहा दिवसांचं पीठ अंगुरीबाईने गाईला घातलं. मी विचारलं, काहून? अजून पौर्णिमा व्हायची आहे, हिवाळ्याचे सात दिवस चालतात. ती म्हणाली, वास बदलला होता. मी म्हटलं, वासाचा काय संबंध, मर्यादा सात दिवसांची आहे. त्यावर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "सात दिवसांच्या पुढं ठेवू नये, इतकंच सांगतलं हाये. सात दिवस ठेवाच, असं कोनी सांगतलं?"

बायकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी जेवून उठलो. पोळ्या मात्र छान झाल्या होत्या.

बुधवार, १२ मार्च

वसुलीला मळ्यांकडे गेलो होतो. हौसाबाईंचं पाहून आलो आणि अजून मनातून जात नाही.

त्या पहाटे चारला उठून इंजिन सुरू करतात आणि दहाच्या आत बंद. दुपारी कितीही निकड असो, इंजिनाला हात नाही. इंजिनच्या टिनाच्या छपरावर त्यांनी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाड थर घातला आहे आणि बाजूने ओलं पोतं टांगलं आहे. आठ दिवसांपासून असं चाललं आहे, असं शेजारचे सांगत होते. बाईमाणूस, अंधारात एकटी हँडल मारते. मी विचारलं, एवढी मेहनत कशाला? त्या नुसतं हसल्या. डोळे लाल होते, झोप झालेली नव्हती. इंजिनवर बैलासारखी माया करणारी माणसं असतात ती अशी. मी घरी येऊन अंगुरीबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही त्यांना काही विचारलं नाही का? मी म्हटलं, विचारलं की, त्या हसल्या.

मंगळवार, १८ मार्च

गुलाबरावांचं इंजिन बसलं.

दुपारी दोनला चालू होतं, आधी ठोका दिला, मग धूर, मग जागच्या जागी जाम. नथ्थूने खोललं. बेरिंग भाजून दांड्याला चिकटलं होतं. त्याने आतलं ऑइल बोटावर घेतलं आणि ते लगेच ओघळून मनगटापर्यंत आलं. "पानी झालं याचं," तो म्हणाला. "नवीन इंजिन असतं त सोसलं असतं. हे जुनं, आधीच ढिलं. या उन्हात याले चाळीसच पाह्यजे होतं." मी म्हटलं, पौर्णिमेला अजून आठ-नऊ दिवस आहेत. नथ्थूने मान वर केली. "शेट, इंजिनले काय माहीत पुनव कधी हाये?"

गुलाबराव मला पाहिजे तेवढं बोलले. त्यांची वांगी फुलावर आहेत आणि बेरिंग अकोल्याहून येईपर्यंत पाच-सहा दिवस जाणार. मी ऐकून घेतलं. जेवण गेलं नाही.

बुधवार, १९ मार्च

रिसोडला बातमी पोचली. गुलाबराव तिथे भाजी नेतात, त्यांनी भाईसाहेबांच्या गादीपुढे उभं राहून सांगितलं. एसटीच्या ड्रायव्हरबरोबर चिठ्ठी आली. 'सोमवारी पहिल्या गाडीने येतो. पाडव्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. माल मोजून ठेव.' अक्षर शांत आहे, त्याचीच भीती वाटते.

दुकानात दिवसभर बसून होतो. तेरा इंजिनांत माझ्या शब्दावर तीस नंबर आहे. आता बारा. कालपासून दुपारी कुठूनही इंजिनचा आवाज आला की उठून दाराशी जाऊन ठोका ऐकतो.

संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून बसलो. अंगुरीबाई म्हणाली, "हौसाबाईकडे जा पयले." मी विचारलं, त्यांच्याकडे कशाला, त्यांचं इंजिन तर चांगलं चाललं आहे. ती म्हणाली, म्हणूनच.

गुरुवार, २० मार्च

सकाळी चाळीस नंबरचा डबा घेऊन हौसाबाईंकडे गेलो. साडेनऊ झाले होते आणि इंजिन चालू होतं. त्यांचं स्वतःचं भिजवून झालं होतं, आता पाणी बांध फोडून शेजारच्या गुलाबरावांच्या वांग्यांत सोडलं होतं. त्यासाठी कालपासून त्या तीनला उठतात. गुलाबराव त्यांना एरवी धड बोलतही नाहीत.

मी डबा खाली ठेवला आणि म्हटलं, ऑइल बदलून घ्या. त्यांनी डब्याला हात लावला नाही.

"पुनव होऊ द्या," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी नेम कायले मोडता?"

मग एकेक करून सगळं ध्यानात येऊ लागलं आणि कान गरम झाले. विचारलं, चाळीस पाहिजे हे तुम्हाला तीन तारखेलाच कळलं होतं ना?

"मले इंजिनच्या आवाजात समजलं. म्हनून त मागायले आली. तुमी नाई म्हनलं. मंग मी म्हनलं, ऑइल बदलून नाई भेटत त येळ बदलू. पहाटे अजून हिवाळाच असते. तेवढ्यात इंजिन चालवून घेतो."

मग रिसोडहून का नाही आणलं? या प्रश्नावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी भलतंच बोललो असावं. "दिवाळीपासून तुमच्या हातचं घेऊन राह्यली. तुमचा धरमाचा नेम. आमी उपास करतो तवा तुमी आमाले खाय म्हनता काय?"

सतरा दिवस. सतरा दिवस ही बाई अंधारात उठत होती, माझा उपास मोडू नये म्हणून. आणि मी इकडे डायरीत तिचं इंजिनवरचं प्रेम लिहीत होतो. मला रडू आलं. आलं ते आलं, लिहायला लाज नाही.

मी त्यांना खरं सांगितलं. नेम पिठाचा आहे, ऑइलचा नाही. ऑइलला तो मी लावला. आणि तुम्ही धर्माचा का म्हणून विचारलं तेव्हा हो म्हणालो, कारण लोकांनी मान डोलावलेली बरी वाटली. पिठाचासुद्धा मला पुरता समजला नव्हता. तो 'याच्यापुढे नाही' असा आहे, मी त्याचा 'इथपर्यंत हलायचं नाही' असा केला.

त्या इंजिनवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि द्याव्यात असंच वाटत होतं. पण त्या म्हणाल्या, "मंग हा डबा उचला. बाकीच्यायकडे जा. तेई तुमचाच नेम पाळून राह्यले, आन् त्यायचे इंजिन दुपारी चालतात. माह्यं शेवटी बदला."

मी म्हटलं, तुमचं आधी, आत्ता. त्यांनी इंजिन बंद केलं, डबा स्वतः उचलून माझ्या सायकलला बांधला आणि गाठ ओढून पाहिली.

रविवार, २३ मार्च

तीन दिवस लिहायला सवड नव्हती. नथ्थू आणि मी मळ्यामळ्याने फिरलो. प्रत्येक ठिकाणी तो ऑइल बदलायचा आणि मी तेच बोलायचो, की नेम धर्माचा नव्हता, माझा शहाणपणा होता. पहिल्या दोन मळ्यांत मी आधी हवापाण्याचंच बोलत बसलो. नथ्थूने दोन्ही वेळा पान्हा मुद्दाम हळू फिरवला, मला बोलायला वेळ मिळावा म्हणून. तो हे कबूल करत नाही.

एक म्हातारे रागावले आणि पाठ फिरवून बसले. एकजण इतका हसला की त्याला ठसका लागला. दौलतसिंगांची गोष्ट वेगळी. ते नथ्थूला इंजिनजवळ जाऊच देईनात. शेवटी कडब्याच्या गंजीमागून रिसोडच्या चाळीस नंबरचा रिकामा डबा निघाला. त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच बदललं होतं आणि मला वाईट वाटू नये म्हणून डबा लपवला होता. माझ्यासमोर मात्र "शेट, नेमाचं तीसच हाये" म्हणत होते. मी त्यांच्या पाया पडलो, ते दचकून मागे सरले.

गुलाबरावांचं बेरिंग आलं, आज सकाळी बसवलं. मी त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे माह्यं इंजिन तुया मोठेपनानं जाळलं." मी म्हटलं, हो. दुपारी त्यांनी इंजिन सुरू केलं, पट्टी काढून माझ्यापुढे धरली आणि विचारलं, हे बरोबर आहे का, पाह्य. मी थेंब बोटावर घेतला. गरम होता, पण बोटाला धरून होता. बरोबर आहे, म्हटलं. मला हे आता थोडं थोडं कळू लागलं आहे. नथ्थूच्या मानाने शून्य.

पहाटेचं पाणी हौसाबाई आजपर्यंत गुलाबरावांच्या वांग्यांना देत होत्या. सगळ्यांत शेवटी, संध्याकाळी, त्यांचं ऑइल बदललं. त्यांनी जुनं ऑइल एका मडक्यात धरून ठेवलं, दाराच्या बिजागऱ्यांना कामी येतं म्हणाल्या. उद्यापासून तीनला उठायचं काम नाही, असं मी त्यांना दोनदा सांगितलं.

उद्या भाईसाहेब येणार. माल मोजून ठेवला आहे. वाईट वाटतं, पण तोंड लपवावंसं वाटत नाही.

सोमवार, २४ मार्च

भाईसाहेब पहिल्या गाडीने आले. चहाही घेतला नाही. मी म्हटलं, माल मोजलेला आहे, पण आधी तुम्हाला एक मळा दाखवायचा आहे. वाटेत चालता चालता सगळं सांगितलं, पिठापासून ते दौलतसिंगांच्या डब्यापर्यंत, काही न गाळता. सतरा दिवसांचं ऐकलं तेव्हा ते थांबले आणि विचारलं, "आन् तुले समजलं नाई?" मी म्हटलं, नाही. ते पुढे चालू लागले.

मळ्यात पोचलो तेव्हा सूर्य चांगला हातभर वर आला होता. इंजिन बंद. खोपीचं दार लोटलेलं. बाहेर बाजेवर हौसाबाई झोपल्या होत्या, तोंडावरून पदर घेऊन. एक कोंबडी बाजेखाली माती उकरत होती, तरी त्यांना जाग नव्हती. पाय बाजेबाहेर आले होते. टाचांच्या भेगांत ऑइल बसून काळं झालेलं दिसत होतं.

मी हाक मारायला तोंड उघडलं. भाईसाहेबांनी माझा दंड धरला.

मग त्यांनी आपली पांढरी टोपी काढली आणि काकडीच्या वाफ्यात शिरू पाहणाऱ्या शेळीला त्या टोपीनेच हुसकलं, आवाज न करता. आयुष्यभर गादीवरून खाली न उतरलेला माणूस धोतर सावरून मातीच्या बांधावर बसला. मीही शेजारी बसलो. दुकानाचं काय, हे विचारायचा मला धीर होईना.

"तू जाय," भाईसाहेब अगदी हळू म्हणाले. "दुकान उघडायची येळ झाली. त्या उठेपर्यंत मी बसतो इथं."

मी चपला हातात घेतल्या आणि बांधाबांधाने निघालो.